दोनशे बारा वेळा माझे नाव

बुधवार, ता. ४ फेब्रुवारी १८८५. ठाणे.

आज माझ्यावर झालेला अन्याय कुठेतरी नोंदला जावा, म्हणून सकाळीच दौत उघडली. दगडू न्हावी माझा डावा गाल उरकून उजव्याला पाणी लावतो न लावतो तोच एक शिपाई ओटीवर आला आणि त्याला दंडाला धरून घेऊन गेला. चाळीस हत्यारबंद पोलीस आले आहेत, मैदानात राहुट्या पडल्या आहेत. त्यांच्या दाढ्या सरकारी कामात मोडतात, माझी खासगीत. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी अर्धा सभ्य होऊन बसलो आहे.

निश्चय: वरिष्ठांकडे कडक तक्रार. पोलीस गेल्यावर.

गुरुवार, ता. ५.

पोलीस कशासाठी ते कळले. आमच्याचसाठी. सोमवारी कोपरीचे आणि आसपासचे शेतकरी कचेरीसमोर बसणार आहेत. बसणार म्हणजे नुसते बसणार. हातात काठीसुद्धा न्यायची नाही असे ठरले आहे. भाताचे रोप टाकण्याआधी जमिनीवर पाल्याफांद्यांचा टहाळ जाळून राब करतात. तो टहाळ डोंगरावरून तोडू नये असा हुकूम झाला आहे. राब नाही तर रोप नाही, रोप नाही तर भात नाही. त्यांचे म्हणणे एवढेच. मी त्याचा सात पानी अर्ज केला. सोमवारी तो मीच वाचणार. समोर बंदुका असोत की तोफा. भिवाला तसा शब्द दिला आहे. हा भिवा कोपरीचा. अंगाने दरवाजाएवढा, अक्षरओळख शून्य. म्हणाला, दादा, तुमी फुडं उभं ऱ्हा, आमी मागं बसतो.

निश्चय: आवाज कमावणे. रोज खडीसाखर.

शुक्रवार, ता. ६. सकाळी सात.

पोलिसांनी कवायतीत पोकळ बार काढले. गावाला ऐकू जावेत म्हणूनच. त्या वेळी मी पलंगाखाली होतो. पेटीची किल्ली पडली होती. कुटुंब म्हणाले, किल्ली जानव्यालाच आहे.

दुपारी.

दगडू गल्लीतून पळताना दिसला. उजव्या गालाची आठवण दिली तर म्हणाला, अजून तेवीस तोंडे आहेत, दादा. वर बातमी दिली ती अशी: अर्जाची नक्कल कचेरीत आधीच गेली आहे, दाढी करून घेताना फौजदार ती चाळत होते आणि विचारत होते, हा टोकेकर कोण, पानापानावर आहे तो?

साफ खोटे. मी लिहिणारा. अर्जदार म्हणून माझी एकही सही नाही.

सायंकाळी.

कच्ची प्रत काढून पाहिली. अर्जदारांना लिहिता येत नाही. तेव्हा रिवाजाप्रमाणे शेतकऱ्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी. प्रत्येकाने लेखणीला बोट लावले, चित्र मी काढले, आणि ते कोणाच्या हातचे हे खाली लिहावे लागते म्हणून लिहिले: दस्तुर श्रीपाद परशुराम टोकेकर. मोजले. दोनशे बारा. एवढ्या वेळा माझे नाव माझ्या वडिलांनीही घेतले नसेल. लिहिताना हौस वाटली होती. शेवटच्या पानावर तर अक्षराला शेपटी काढली आहे.

जेवण गेले नाही.

शनिवार, ता. ७.

कोपरीला जाऊन आलो. भिवाला म्हटले, मूळ अर्ज परत दे, अक्षर नीट करून आणतो. भिवा म्हणाला, अक्षर तं मोत्यावानी हाय, आमाला वाचता येत नाय पन दिसतं तं. शेजारची ठमाबाई तिथेच होती. ही मिठागरावर कामाला जाते आणि जिभेला मीठ लावूनच घरी येते. ती म्हणाली, भिवा, दादाला भ्या वाटतंय. मी हसलो. दाढी अर्धी असली की हसणेही अर्धेच होते. भिवा मात्र हसला नाही. म्हणाला, भ्या तं मला बी वाटतं. म्हनून तं दोनशे जन जमवलं.

या उत्तरात काहीतरी आहे. सवडीने विचार करीन.

रविवार, ता. ८.

घसा बसला. खडीसाखरेनेच.

नाक्यानाक्यावर दोन दोन पोलीस, बंदुकीला संगीन. देवळाच्या पायरीवरही. एक आमच्या ओटीवर येऊन पाणी प्याला आणि इथे कोण राहतो म्हणून विचारू लागला. कुटुंबाने सांगितले, अर्ध्या दाढीचे एक गृहस्थ राहतात, सध्या पलंगाखाली काही शोधत आहेत.

निश्चय: कल्याणची मावसबहीण आजारी आहे. असणारच, तिची प्रकृती नाजूक. उद्या सकाळची गाडी. भिवाला निरोप धाडीन. तिथून.

सोमवार, ता. ९. सायंकाळी.

पांघरूण घेऊन लिहितो आहे. थंडी आहे. कुटुंब पंख्याने वारा घेत बसले आहे.

स्टेशनात कल्याणकडून गाडी आली होती. तिच्यातून आणखी वीस बंदुका उतरल्या. मी पलीकडच्या बाजूने रूळ ओलांडून कोपरीत शिरलो. समोर ठमाबाई, डोक्यावर मिठाची टोपली. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिले. माझी पगडी पदराखाली घेतली, अंगरखा काढायला लावला आणि टोपली माझ्या डोक्यावर ठेवली. चल रं भावा, म्हणाली. मिठाला विटाळ नाही असे शास्त्र आहे. नसल्यास असावे.

बाजाराचा रस्ता कचेरीवरून जातो. दोन्हीकडे संगिनी. तिथे ती मागून पुटपुटली, पावती मागितली तं गप ऱ्हा, पावती नाय. म्हणजे अर्जाच्या भयाने पळालेला मी बिनकराचे मीठ घेऊन पोलिसांच्या मधून चाललो होतो. एका शिपायाने माझा चेहरा पाहिला आणि दुसऱ्याला कोपर मारून दाखवला. दोघे हसले. मिठाचे पाणी डोळ्यांत उतरत होते.

मग दिसले. दोनशे माणसे मांडी घालून बसलेली, एकही शब्द नाही. भोवती बंदुका, हात लांब केला तर लागतील इतक्या जवळ. पुढे भिवा एकटा उभा, अर्ज छातीशी. फौजदाराने विचारले, टोकेकर कोण?

मी वीस पावलांवर होतो. ठमाबाईचे कोपर माझ्या पाठीत लागले. पुढे चल म्हणून की तिकडे जा म्हणून, ते मला कळले नाही.

भिवा म्हणाला, नांगर माजा, हात बी माजा. फौजदार म्हणाला, मग वाच. भिवाने अर्ज उघडला, उलटा, आणि म्हणाला, राब नाय तं रोप नाय, रोप नाय तं भात नाय. सात पाने संपली. बंदुकीचा दस्ता त्याच्या हातावर बसला. अर्ज पडला. कोणी उठले नाही. मागून एक म्हातारा म्हणाला, हात माजा. मग एक बाई. मग ते थांबेचना.

मी टोपली घेऊन घरी आलो.

मंगळवार, ता. १०.

दगडू आला. मंगळवारी दाढी वर्ज्य, तरी उजवा गाल करून घेतला. म्हणाला, अर्ज ठेवून घेतला, उत्तर मागाहून. धरले कोणालाच नाही. फौजदार म्हणे, दोनशे बारा टोकेकर ठेवायचे कुठे. भिवाची दोन बोटे मोडली आहेत, उजव्या हाताची.

निश्चय लिहायला घेतला. सुचला नाही.

गुरुवार, ता. १२.

आमटी चांगली झाली होती. कुटुंबाने सांगितले, दोन दिवस त्या टोपलीतलेच मीठ चालले आहे.

बाजारातून मीठ घेतले, पावतीचे. टोपली काठोकाठ भरली आणि स्वतः उचलून कोपरीला नेली. ठमाबाई घरी नव्हती, सगळी आळी भिवाच्या हाताची विचारपूस करायला त्याच्या दारात होती. तिच्या उंबऱ्यावर टोपली ठेवली. आत खुंटीवर माझी पगडी होती, हात पुरेल इतक्या अंतरावर.

घेतली नाही. तसाच परत आलो.