माझ्या डावीकडची जागा

रविवार, ४ मे. संध्याकाळी
लीगची आजची मॅच आटोपली. ऑनलाइन आहे, पैसे नाहीत, नुसत्या खोट्या चिप्स. पण पोकर म्हणजे पोकर. टेबलावर माझं नाव 'एक्स-रे', कारण मी माणूस आरपार वाचतो. बायकोचं नाव 'निवांत'. सीझन सुरू व्हायच्या आधी दोघांची नावं मीच नोंदवली होती. मग ती घर सोडून गेली, पण लीग सोडली नाही. दर रविवारी माझ्या डावीकडे हजर. यावरून काय ते समजावं.

आज हातात काहीही नसताना मी सारखी बोली वाढवत राहिलो. ती दर वेळी पूर्ण वेळ घेऊन विचार करायची आणि शेवटी पत्ते टाकून डाव सोडायची. मला जिंकू दिलं. नवऱ्यावर राग असलेली बाई असं खेळत नाही.

सोमवार, ५ मे
फोन करायचा नाही, हे पक्कं. सिनेमात हिरो एअरपोर्टवर धावत सुटतो, ते मला कधीच पटलं नाही. धावणारा माणूस हातातले सगळे पत्ते दाखवून बसतो. पोकर फेस हवा. जाताना ती म्हणालीच होती, "तुझ्या चेहऱ्यावरून मला काही म्हणजे काही कळत नाही." माझ्या खेळाचं इतकं कौतुक तिने आधी कधी केलं नव्हतं.

शिवाय मिक्सर इथेच आहे. मिक्सर मागे ठेवून कोणी कायमचं जात नाही.

बुधवार, ७ मे
दुकानात एका बाईंना चष्म्याची फ्रेम बसवून दिली. त्या म्हणाल्या, कानामागे टोचतेय. मी म्हटलं, तुमचा चेहरा सांगतोय, तुम्हाला ती आवडलीय. तासाभरात फ्रेम परत. मालकांनी सगळ्यांदेखत झापलं. काही चेहरे मुळातच फसवे असतात, त्याला मी काय करणार.

रविवार, ११ मे
दुपारी ताईकडे जेवायला. ताई आणि बायको अजून फोनवर बोलतात. आमच्या डिटेक्टिव्ह मालिकेत शेवटी खुनी डेंटिस्ट निघतो, हे ताईने बोलता बोलता सांगून टाकलं. बायकोनेच तिला सांगितलं म्हणे. शेवटचा सीझन दोघांनी मिळून बघायचा म्हणून मी अजून हात लावलेला नाही. तिने बघितला. असेल, कंटाळा आला असेल. माझ्याशिवाय काय मजा आली असणार. तिने नवा मिक्सर घेतल्याचंही कळलं. आमचा तसाही फार आवाज करतो.

घरी येऊन खेळलो. ती आज एकही डाव लढली नाही. पूर्ण वेळ घ्यायचा आणि पत्ते खाली. बसल्या जागी तिच्या चिप्स संपत गेल्या. तोंडाने बोलत नाही, पण आतल्या आत किती सोसतेय. माझे डोळे भरून आले.

बुधवार, १४ मे
ठरलं. रविवारी टेबलाच्या चॅटमध्येच लिहायचं. वाचू देत सगळ्यांना. मजकूर: 'तू सारखी माघार घेऊ नकोस. मी चुकलो. घरी ये.' याला अख्खी संध्याकाळ गेली. मध्ये एकदा 'मी चुकलो'चं 'आपलं चुकलं' केलं होतं. मग परत 'मी' केलं.

रविवार, १८ मे
लिहिलं. एकाने अंगठ्याचं इमोजी टाकलं, बहुधा चुकून. तिने पूर्ण वेळ घेतला आणि पत्ते टाकले.

मॅचनंतर काकांचा फोन. काका लीग चालवतात, एरवी कधी फोन करत नाहीत. बराच वेळ नुसतं खाकरत होते. मग म्हणाले की एकदा नाव नोंदवलं की माणूस आला नाही तरी ॲप त्याला टेबलावर बसवतं, आणि वेळ संपला की त्याचे पत्ते आपोआप टाकतं. ती सीझनभर एकदाही आलेली नाही. मला ते ठाऊक असेल असं त्यांना वाटत होतं. मी म्हटलं, अर्थात, ठाऊक होतंच.

तरी म्हटलं, पुढे खेळणार का, एवढं तिला विचारून बघा.

गुरुवार, २२ मे
काकांनी विचारलं. उत्तर सांगणं त्यांच्या जिवावर आलं होतं, मीच हट्ट धरला. ती एवढंच म्हणाली, "कुठली लीग?"

रागाने म्हणाली का, असं मी विचारलं. नाही म्हणाले, तिला खरंच आठवत नव्हतं.

दुकानात दिवसभर लेन्स पुसल्या. पुसलेल्याच परत पुसल्या. मला तिची फार आठवण येते. जीव तुटतो. हे तिला एकदाही बोलून दाखवलं नाही.

रविवार, २५ मे. संध्याकाळी, जरा लवकरच
काकांनी तिचं नाव काढलं आणि तिथे आपल्या भाचीला बसवलं. पहिल्याच डावात मी हातात काही नसताना सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या. त्या जागेवरून मला आजवर कोणी अडवलं नव्हतं. भाचीने विचार करायलाही वेळ घेतला नाही, लगेच तेवढ्याच चिप्स लावून कॉल केलं. माझे पत्ते सगळ्यांसमोर उघडे पडले. सगळ्यांत आधी मी बाहेर.

ताईला फोन करून हरल्याचं सांगितलं. ती म्हणाली, या वेळेला तू खेळत असतोस ना, इतक्यात कसा हरलास?

मी म्हटलं, "समोर खरंच कोणीतरी बसलं होतं."

तिला काही कळलं नाही. दुपारी जेवलास का, म्हणाली. मी हो म्हटलं. जेवलो नव्हतो.