दसऱ्याची विमानं

४ ऑक्टोबर २००७
आणखी एक आलं! सुधीर फोर्टातून खोका छातीशी धरून आला, तान्हं बाळ आणल्यासारखा. म्हणे, खेळणं नव्हे, डाय-कास्ट आहे, धातूचं, एकास चारशे या मापाचं. साठी उलटलेला माझा नवरा! दिवाणखान्याचं कपाट या टीचभर विमानांनी भरलंय आणि माझे टी-सेट माळ्यावर. भिवंडीत मागांचं तूस उडतं, म्हणून काचेच्या फटींना पट्ट्या चिकटवल्यात. माझ्या दम्यासाठी कधी एक पट्टी लावली नाही.

९ ऑक्टोबर
आसावरीचा मस्कतहून फोन. पोरीचे दिवस भरत आले. दोघांनी या म्हणते. सुधीरची कारणं सुरू — गुडघा, घर बंद राहील, लोडशेडिंग. लोडशेडिंग! जसं काही हाच वीज तयार करतो.

१० ऑक्टोबर
शेवटी बोलला. भीती वाटते. कुठलं विमान कधी पडलं, सगळं पाठ आहे. "तूही जाऊ नकोस," म्हणाला. घरात विमानतळ मांडून बसलाय आणि जन्मात एकदाही उडाला नाही. भित्रा! पहिलं बाळंतपण, मुलगी एकटी, आणि हा पंखांवर फुंकर घालतोय.

१३ ऑक्टोबर
तिकीट काढलं. माझं एकटीचं.

१६ ऑक्टोबर
अबोला चालूच. बरंय.
आज शाळा आठवली. मैदानावरून विमान गेलं की सिस्टर मोनिका थबकायच्या, मान वर करून हवेत क्रॉस काढायच्या. आतल्या माणसांसाठी, म्हणायच्या. आम्ही सगळ्या, हिंदू-पारशी, त्यांच्यामागून तसंच करायचो. किती गोड बाई! आतलं कुणी ओळखीचंही नसायचं.

२१ ऑक्टोबर, दसरा
नारपोलीतले माग आज बंद, झेंडूने नटलेले. एवढी शांतता की कान दुखतात.
मी स्वयंपाकात आणि सुधीर आंघोळीला. कपाट उघडं राहिलेलं. आमच्या कामवाल्या धोंडूबाईने दारातल्या रिक्षापासून शिलाई मशीनपर्यंत सगळं पूजलं आणि मग एकेका विमानाच्या नाकावर हळदकुंकू! सुधीर बाहेर येऊन मटकन बसला.
"एवरी इमानं घरान हायत, न् हलद नको?" ती म्हणाली. मी तोंडाला पदर लावून हसले. आयुष्यात देवापुढे हात न जोडणाऱ्या माणसाची चांगली जिरली.

२२ ऑक्टोबर
दिवसभर कापसाचे बोळे. एका विमानाचं नाव पुसलं गेलं, तर डोळ्यांत पाणी! आसावरी सासरी गेली तेव्हा कोरडा होता. सगळी पुसून झाली. कपाटाला कुलूप. किल्ली याच्या जानव्याला — पूजेला नसलेलं जानवं किल्लीला चालतं!

२९ ऑक्टोबर
बॅग भरली. डिंकाचे लाडू, बाळाची दुपटी. धोंडूबाई पूर्ण्याला लेकीकडे गेली, चार दिवस येणार नाही. सुधीर तिकीट मागून घेऊन गेला. वाटलं फाडतो की काय. नुसतं वाचलं आणि परत दिलं.

३१ ऑक्टोबर
उद्या निघायचं. सकाळी देवापुढे दिवा लावायला गेले. बाळकृष्णाशेजारी एक विमान. शेपटीवर माझ्या तिकिटावरचंच चिन्ह. नाकावर कुंकू.
बोट लावून पाहिलं. ओलं होतं.