अण्णांच्या पाइपाची फिल्म

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (कमरेत उसण भरली आहे, तेव्हा तो मनातल्या मनात घातला आहे, पोचला असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला, की अजून टीव्हीवरच्या बातम्यांवर आवाज चढवतो आहे? इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. बाकी आज सहावा दिवस, मी ऑफिसातल्या बेसिनमध्ये डोकं धुतो आहे आणि आमचे साहेब ते पाहून न पाहिल्यासारखं करत आहेत.

फोन सोडून हे पत्राचं खूळ काय, असं तुला वाटेल. माझा फोन अण्णांकडे आहे. तुझ्या भावजयीचा तिच्याबरोबर तिच्या बहिणीकडे गेला आहे. हे दोन्ही का झालं, तेच या पत्राचं रडगाणं आहे, आणि ते तुला शेवटपर्यंत ऐकावं लागणार, कारण माझं दुसरं ऐकणारं कुणी उरलेलं नाही.

गेल्या महिन्यात आपली मोरी तुंबली. म्हणजे मागच्या खोलीत कपड्यांच्या मशीननं पाणी सोडलं, की ते बाहेर जायच्या ऐवजी मोरीच्या जाळीतून वर यायचं, आणि त्यावर आपल्याच कालच्या अंघोळीचा फेस तरंगत ओळख दाखवायचा. अण्णांना हे मान्यच नव्हतं. पाणी घोट्यापर्यंत आलं तरी ते मोरीच्या दारात उभे राहून सांगत होते, की हा पाइप तुंबणं शक्य नाही. तुला माहीतच आहे, घर बांधलं तेव्हा मोरीपासून फाटकाजवळच्या चेंबरपर्यंतचा पाइप अण्णांनी स्वतःच्या हातानं टाकला. गवंड्याला फक्त चर खणू दिला. रस्त्यांच्या खात्यात चौतीस वर्षं लेव्हल बघणारा माणूस, तो काय स्वतःच्या घराचा ढाळ दुसऱ्याला काढू देणार? त्याला एकेचाळीस वर्षं झाली; हा पाइप कधीही तुंबत नाही, हे वाक्य आपण पाढ्यांच्या आधी शिकलो. तेव्हा दोष पाइपाचा नाही. दोष आधी तुझ्या भावजयीच्या केसांचा ठरला, मग आमच्या चिमणीच्या रंगांचा (वय वर्षं नऊ, चित्रकलेची आवड), आणि शेवटी माझ्या केसांचा. माझे केस किती उरलेत ते तू मागच्या खेपेला पाहिलंच आहेस. ते गोळा करून एखादी नळीसुद्धा तुंबणार नाही.

प्लंबर तीनदा येऊन सळई घालून गेला. चौथ्यांदा त्यानं हात टेकले आणि सांगितलं, की आत काय आहे ते बघितल्याशिवाय आता काम करणार नाही, कॅमेरेवाल्याला बोलवा. हा कॅमेरेवाला बुधवारी यायचा, तो मंगळवारी आला. (कारागीर सांगितलेल्या दिवसाच्या आधी आला, असं आपल्या घराण्यात प्रथमच घडलं, आणि त्यातच माझा घात झाला.) अण्णा त्या वेळी पेन्शनच्या ऑफिसात, आपण जिवंत असल्याचा दाखला द्यायला गेले होते. इस्त्रीचा शर्ट घातलेल्या या गृहस्थानं मोठ्या रिळावरची जाड केबल सोडवली. तिच्या टोकाला अंगठ्याएवढा कॅमेरा, भोवती बारीक दिवे. तो मोरीतून आत ढकलत जायचं आणि आतलं सगळं स्टुलावर ठेवलेल्या पडद्यावर बघायचं. किती मीटर आत गेला त्याचा आकडा कोपऱ्यात पळत असतो. ताई, ज्या घरात जन्म गेला त्याच्या पोटात मी पहिल्यांदाच डोकावत होतो. पहिले तीन मीटर फार छान होते. सांधे असे, की तो माणूससुद्धा मान डोलवायला लागला. चौथ्या मीटरला खाली पाणी दिसलं. पाचव्याला कॅमेरा बुडाला. सहाव्या-सातव्याला पडद्यावर नुसता गढूळ अंधार, आणि आठव्याला तो बाहेर आला तो चढ चढून. कॅमेरेवाला शांतपणे म्हणाला, “साहेब, ढाळ उलटा आहे. या मधल्या चार मीटरमध्ये पाणी बाहेर जायच्या ऐवजी घराकडे येतंय. ज्यानं कुणी हा पाइप टाकला ना, त्याला लेव्हल कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं.”

नेमकं तेव्हाच फाटक वाजलं. अण्णा आले होते, जिवंत असल्याचा शिक्का घेऊन.

आता तूच सांग, मी काय करायला हवं होतं? शहाण्या माणसानं पडदा त्यांच्याकडे फिरवला असता. मी कॅमेरेवाल्याचं मनगट धरलं आणि विचारलं, तुमच्याकडे दुसरी एखादी फिल्म आहे का, जरा चांगली? होती. गिऱ्हाइकांना नमुना म्हणून दाखवायला त्यानं कुठल्याशा नव्या बंगल्याची ठेवलेली होती. ती त्यानं माझ्या फोनवर टाकली आणि (भला माणूस) लगबगीनं रीळ गुंडाळायला लागला. अण्णा चपला काढून पाय धुवेपर्यंत आपल्या घराचा अख्खा पाइप बदलून झाला होता. प्लंबरला त्याला दोन दिवस तरी लागले असते.

अण्णांनी फोन नाकाजवळ धरून फिल्म उभ्याउभ्या पाहिली. मग खुर्चीत बसून पाहिली. तिसऱ्यांदा पाहून झाल्यावर चष्मा काढला, डोळे पुसले आणि एवढंच म्हणाले, “बघ.” मला इतकं बरं वाटलं ताई, की खोटं बोलल्याचा पश्चात्ताप त्या दिवशी झालाच नाही. तो दुसऱ्या दिवशी सुरू झाला आणि अजून चालू आहे.

कारण पाइप निर्दोष, असं एकदा सिद्ध झाल्यावर दुरुस्ती कशाची करणार? आता फक्त वापरणारे दोषी. अण्णांनी मोरीच्या दाराला वेळापत्रक लावलं आहे. दोन अंघोळींमध्ये अडीच तास, माणशी एक बादली, डोकं रविवारी. जाळीवर जुना पायमोजा ताणून बसवला आहे, तोही माझा. केस विंचरायचे ते अंगणात, आणि वाऱ्याची दिशा बघून. तुझी भावजय चिमणीला घेऊन बहिणीकडे अंघोळीला म्हणून गेली, ती गेले चार दिवस अंघोळच करते आहे. प्लंबर कुदळ घेऊन आला, तर अण्णा नेमके त्या चार मीटरवर खुर्ची टाकून बसले आणि त्यालाच फिल्म दाखवली. तो माझ्याकडे बघत होता, मी आभाळाकडे. आता दूधवाला, वर्तमानपत्रवाला, शेजारचे मास्तर, कुणाचीही फिल्म बघितल्याशिवाय सुटका नाही. मास्तरांनी तर पाठ केली आहे; वळण यायच्या आधीच ते “वा!” म्हणतात.

खरं सांगायचा प्रयत्न मी केला नाही असं समजू नकोस. पहिल्यांदा तोंड उघडलं तेव्हा मास्तर समोर होते, त्यांच्यादेखत अण्णांची शोभा करवेना. दुसऱ्यांदा आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, अण्णा, त्या फिल्मबद्दल थोडं बोलायचं होतं. ते म्हणाले, “हे तुझ्या आईनं बघायला हवं होतं रे.” मी चहा करायला उठलो. त्या चहाच्या भांड्यांचं पाणीही मोरीतून वर आलं. मला आता यातून वाट दिसत नाही. खोटं तसंच ठेवावं तर घर बुडतं, खरं सांगावं तर अण्णा बुडतात, आणि दोन्हीकडून पाणी माझ्याच घोट्यापर्यंत येतं. आजवर मी फार मोठी पापं केली नाहीत. बहुधा ती सगळी एकदम करण्यासाठी राखून ठेवली होती.

असो. तुला उगाच घोर लावायचा नव्हता, सहज खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. सहज लिहिलेलं नाही. पहिल्या गाडीनं निघून ये. अण्णा फक्त तुझं ऐकतात. त्यांना सांग, की जमीन खचली, त्यामुळे अलीकडेच पाइप मधे बसला. मुळात टाकला तेव्हा ढाळ अगदी बरोबर होता. हे मी सांगितलं तर माझा चेहरा साथ देणार नाही. तू लहानपणापासून सफाईनं थापा मारतेस, आणि हे मी कौतुकानं म्हणतो आहे.

ता. क. २. पत्र मीच टाकणार होतो, पण अण्णांनी पाहिलं. माझ्या अक्षरातला पत्ता पोस्टमनला लागणार नाही म्हणून पाकिटावर तेच लिहिणार आणि तेच टाकून येणार. तू निर्धास्त राहा, दुसऱ्याचं पत्र वाचणाऱ्यांतले ते नव्हेत.

चि. ताईस अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं. ती फिल्म आपली नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं. आपला पाइप भाजक्या मातीचा, तो प्लॅस्टिकचा. तरी बघतो. मुलगा आपल्यासाठी एवढं धडधडीत खोटं बोलला, ते पुन्हा पुन्हा बघावंसं वाटतं. आता मीच थांबवलं तर त्याला लागेल. तेव्हा तू ये आणि जमीन खचल्याचं सांग, मी फार ताणणार नाही. ढाळ उलटा गेल्याचं मला पाइप टाकला त्याच महिन्यात समजलं होतं. पुन्हा उकरला असता तर गवंडी हसला असता. मग दर पंधरा दिवसांनी, तुम्ही सगळे बाहेर गेलात की मी चेंबर उघडून बांबूच्या कामट्यांनी पाइप साफ करत असे. गेल्या वर्षापासून खाली बसलो की उठता येत नाही, म्हणून तुंबला. सुनेच्या केसांचा त्यात काही दोष नाही, ते तिला तूच सांग. तुमच्या आईला मी हे कधीच बोललो नाही. फक्त तुम्हा दोघांना घेऊन बाहेर पडताना ती मागच्या नळापाशी साबणाची नवी वडी आणि धुतलेला टॉवेल ठेवून जायची.

— अण्णा