कलम चौथे, असहमतीसह

९ नोव्हेंबर.

रोजनिशीत पाच महिने एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल आधी क्षमा मागते. लिहायला बसले की पहिले वाक्य आजाराचेच येई, म्हणून बसतच नव्हते. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्राचा मसुदा तुमच्या भाषेत करा, कायद्याची भाषा मी घालीन. तो इथेच करते.

मी, वय शेहेचाळीस, आधी विद्यापीठात अर्थशास्त्राची प्राध्यापक आणि नंतर सरकारी बँकेत अर्थसल्लागार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. शरीर स्वस्थ नाही, तसे डॉक्टरांनी कळवले आहे. मन ठिकाणावर आहे. कोणी दबाव आणलेला नाही. उलट घरात हा विषयच कोणी काढू देत नाही.

कलम पहिले. राहते घर आणि शिल्लक माझ्या मुलीला, म्हणजे ठमीला. ती सज्ञान होईपर्यंत व्यवहार माझी थोरली बहीण पाहील. ताईला कागदपत्रांचा कंटाळा आहे, पण ती खोटे बोलत नाही. बोललीच तर तिचे कान लाल होतात.

कलम दुसरे. पुस्तके विद्यापीठाच्या ग्रंथालयाला. त्यांतले एकही माझ्या मार्गदर्शक सरांच्या हाती जाऊ नये. माझ्या प्रबंधातले दोन अध्याय त्यांनी स्वतःच्या नावावर छापले आणि प्रस्तावनेत माझे आभार मानले, ‘टंकलेखनातील मदतीबद्दल’. विद्यापीठ सोडले ते याच रागाने, असे मी सांगत आले. खरे तर बँकेत आपले म्हणणे कोणाच्या तरी उपयोगी पडेल, अशी आशाही होती.

कलम तिसरे. लहान शाखा बंद करू नयेत, या माझ्या टिपणीची प्रत बँकेच्या मोठ्या साहेबांना द्यावी. पहिल्यांदा दिली तेव्हा ते म्हणाले होते, “बाई, वाचलं मी. शुद्धलेखन उत्तम आहे.” शाखा बंद झाल्या. त्यातल्या एका गावी मी नंतर गेले, तर तिथे सायकलींचे दुकान होते आणि तिजोरीच्या खोलीत टायर रचले होते. दुकानदाराने बसायला खुर्ची दिली. मी कोण, ते त्याला सांगवले नाही.

कलम चौथे. माझ्यामागे ठमीने ताईकडे राहावे. घर मोठे, मावसभावंडे दोन, शाळा जवळ. तिचे बाबा, ज्यांच्यापासून मी वेगळी झाले, दुसऱ्या गावी इतिहास शिकवतात. त्यांना स्वतःच्या जेवणाची शुद्ध नसते. ते हयात असताना कोर्ट आधी त्यांनाच विचारील, माझे लिहिणे नुसती इच्छा ठरेल, असे वकीलबाईंनी बजावले आहे. म्हणून कारणे भक्कम दिली.

इथवर लिहिले आणि थांबले. आमच्या बँकेच्या व्याजदर ठरवणाऱ्या समितीत एक रीत होती. सर्वांत धाकट्याने आधी बोलायचे, म्हणजे मोठ्यांचे ऐकून तो आपले मत फिरवत नाही. आणि ज्याला निर्णय पटला नाही त्याची टीप निर्णयाखालीच छापायची. घरी मात्र चौदा वर्षांच्या सदस्याला न विचारताच मी कलम लिहून मोकळी झाले होते. ठमीला हाक मारली. तिने उभ्या उभ्या वाचले.

“मावशीकडे नको,” ती म्हणाली.

मी कारण विचारले.

“तिच्याकडे रडलं की ती लगेच काहीतरी खायला आणते. मग सगळे येऊन विचारतात, आता बरं वाटतंय का. बाबांना काही सुचत नाही, ते नुसते शेजारी बसून राहतात. मला तसंच पाहिजे.”

तिथे तुझे हाल होतील, असे मी म्हटले.

“होऊ देत. तू नसताना मी मजेत राहायचं, असं कुणी ठरवलं?”

मी तिला समितीची रीत सांगितली आणि तुझी असहमती तुझ्याच शब्दांत कलमाखाली घालते, असे कबूल केले. ती खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

“शाखांवरची तुझी टीप घेतली होती ना बँकेनं? शाखा राहिल्या का, आई?”

कलम चौथे खोडले. नवे असे: ठमीने तिच्या बाबांकडे राहावे. ताई, राग धरू नकोस. सुट्टीत पोरगी तुझीच. ठमीच्या बाबांविषयीचे माझे मत कारणांवर उभे होते की रागावर, ते मला अजून नक्की सांगता येत नाही.

साक्षीदार: १. समोरच्या घरातल्या दंतवैद्य बाई. २. बँकेच्या संशोधन विभागातला जुना सहकारी, ज्याला सगळे ‘सरासरी’ म्हणतात. दोघांनाही यातून काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे. सह्या वकीलबाईंसमोर होतील, तोवर जागा कोरी. स्थळ: राहते घर, जेवणाचे टेबल. तारीख वर आहे.

उद्या: ठमीच्या बाबांना फोन करणे. माझ्या आजाराचे त्यांना अजून काहीच माहीत नाही.