माकडहाडाजवळची गाठ

नुकुआलोफा, ४ मे १९९९

चि. सौ. कलोलाइनेस, अ. आ.

काल धक्क्यावर चारचौघांत बोलता आलं नाही, म्हणून लगेच लिहिते आहे. सोनोग्राफी करताना मला बाळाच्या माकडहाडाजवळ लिंबाएवढी गाठ दिसली. तुझ्या खाण्यापिण्याने किंवा वागण्याने ती आलेली नाही. अशा गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. पण भराभर वाढली तर बाळाच्या हृदयावर ताण येतो. डॉक्टरांना आधी वाटलं, पाठीचा कणाच उघडा राहिलाय. मी तासभर एकेक मणका पाहिला. कणा मिटलेला आहे. मग त्यांनाही पटलं. चित्रं ऑकलंडच्या मोठ्या इस्पितळात धाडली आहेत. दर पंधरवड्याला ये. सेमिसीला सांग, बहीण आहे इथे.

तुझी,
लुसियाने

नेइआफू, १२ मे

ती. वन्संना सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. सासूबाई म्हणतात, टीव्हीवरच्या मुंग्यांत लुसियानेला गाठ दिसली कशी? हे म्हणाले, आई, आमच्या डोक्यातल्या उवा ती अंधारात शोधायची. सगळे हसले, मीही. मग मागीलदारी जाऊन रडले. गुरुवारच्या बोटीने येते. गाठ वाढली असेल तर तसं सांगा. माझ्याकडे बघून उगीच हसू नका, तुम्हाला ते जमत नाही.

लोभ आहेच, तो पोरावरही असू द्या.

कलोलाइने

ऑकलंड, २४ ऑगस्ट

ती. वन्संना सा. न. वि. वि.

मुलगी झाली. चौतिसाव्या आठवड्यात सिझेरियन केलं. गाठ पपनसाएवढी झाली होती. तिसऱ्या दिवशी माकडहाडासकट काढली. कर्करोग नाही. तीन वर्षं तपासण्या कराव्या लागतील. पोरगी दोन्ही पायांनी लाथा झाडते.

सर्जननी तुमची चित्रं भिंतीवर लावली होती. रक्तवाहिनी कुठून येते ते आधीच कळलं म्हणून रक्त फार गेलं नाही, असं ते म्हणाले. चित्रं कुणी काढली, विचारत होते. मी ताठ बसून सांगितलं, माझ्या नणंदेने.

नाव आत्यानेच ठेवायचं. लवकर कळवा, नर्सबाई खोळंबल्यात.

तुमचीच,
कलोलाइने

नुकुआलोफा, २ सप्टेंबर

चि. सौ. कलोलाइनेस, अ. आ.

आई इथे आली आहे. रविवारी चर्चबाहेर तिने तुझं पत्र सगळ्यांना वाचून दाखवलं. नणंदेची ओळ दोनदा. मी खाली मान घालून उभी होते, पण ऐकत होते.

नाव आत्ता कळवत नाही. तीन महिने तिला नुसतं सावलीत पाहिलंय, मणके मोजलेत. नाव तोंड बघून ठेवीन. नर्सबाईंना सांग, आत्या धक्क्यावर उभी आहे.

तुम्हा तिघांची,
लुसियाने