यंत्राच्या मापाची शेड

२ फेब्रुवारी, दुपार
…आणि माझा केर काढून होईपर्यंत यंत्र पुसून हे मोकळेही झाले होते. मी कागदाची कात्रणं गोळा करत होते, चिकटवायच्या खळीचं भांडं विसळून उपडं घातलं, दूध उतू जाईल म्हणून धावले, तर हे म्हणाले, अगं हळू, वाऱ्याने पानांचे फर्मे उडतील. बस, एवढंच. त्या सकाळी विशेष काही घडलंच नाही. तरी आज तीच आठवत बसले.

कारण सुनेला मागची खोली हवी आहे. तिला घरून ऑफिसचं काम करायचं तर दार लावता येईल अशी जागा लागते. तिचं काही चुकत नाही. पण त्या खोलीत यांचं यंत्र आहे, पुस्तकं बांधून झाली की दाबून ठेवायचं ते लोखंडी. छापखानेवाले भाऊजी म्हणाले, वहिनी, मला द्या, माझ्याकडे चालतं तरी राहील. मुलगाही लगेच हो म्हणाला.

मी म्हणाले, यंत्र कुठे जाणार नाही. मी मागच्या अंगणात शेड बांधीन. बाइंडिंगही मीच करीन.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. निश्चयाचा परिणाम असा असतो.

मुलगा म्हणाला, आई, कोण बांधणार? मी म्हणाले, मी. तो म्हणाला, बरं, महिनाअखेरपर्यंत शेड उभी राहून तुझं काम सुरू झालं तर यंत्र इथेच. नाहीतर काकांकडे.

फेब्रुवारी लहान असतो हे त्याने लक्षात घेतलं नसावं. किंवा घेतलंही असेल.

४ फेब्रुवारी
वाचनालयातून शेड बांधण्यावरचं पुस्तक आणलं. शाळेत मी फार गेले नाही. यांच्याकडे बांधायला आलेले फर्मे क्रमाने लावता लावता आकडे आले, मग अक्षरं आली. पण सुटे फर्मे हातात येतील तसे वाचल्यामुळे कुठलंही पुस्तक मधूनच उघडायची सवय लागली. हेही तसंच उघडलं. छपराचं प्रकरण निघालं. छप्पर सोपं आहे. पाया उद्या वाचीन.

५ फेब्रुवारी
पाया राहिला. छप्पर पुन्हा वाचलं. आता छपराबद्दल मला कोणी काहीही विचारावं.
कोणी विचारलं नाही.

७ फेब्रुवारी
हमाल आले आणि यंत्र उचलून अंगणात ठेवून गेले. सुनेने आधी विचारलं होतं, आई, शेड आधी बांधायची की यंत्र आधी बाहेर काढायचं? मी म्हणाले, यंत्र समोर असलं की माप चुकत नाही. ती प्लॅस्टिक शोधायला गेली. समजूतदार आहे पोरगी.

यंत्र प्लॅस्टिकने झाकलं. रिकामी खोली बघायला गेले नाही. काम होतं.

८ फेब्रुवारी
नकाशा काढला. पुस्तकात जागा किती सोडावी, उंची किती, याची पानंच्या पानं आहेत. मला त्यांची गरज नाही. यंत्राच्या चारी बाजूंनी हातभर अंतर सोडलं आणि जमिनीवर चुन्याने रेघ मारली. वरचा दांडा लांब आहे, म्हणून लांबी जास्त धरली आणि रुंदी कमी. यात फळ्याही वाचल्या. पुस्तक लिहिणाऱ्याला हे सुचलं नाही.

११ फेब्रुवारी
खड्डे खणायला घेतले. शेजारच्या ताई कुंपणावरून म्हणाल्या, काय हो, झाडं लावताय? मी म्हणाले, शेड. त्या म्हणाल्या, बाई गं, सावलीच हवी तर झाड लावा, स्वतःचं स्वतः वाढतं.

मी हसले. आत गेल्यावर मला ते हसू जड गेलं.
तळहाताला फोड आले. उद्यापासून हातमोजे.

१२ फेब्रुवारी
हातमोजे मिळाले नाहीत. काम बंद. पायाचं प्रकरण निम्मं वाचलं. खड्डे दुप्पट खोल हवे होते म्हणे. पण आमची जमीन चांगली आहे, तिला एवढं लागणार नाही.

१५ फेब्रुवारी
खांब सिमेंटमध्ये रोवले. ओळंबा लावून पाहिला तेव्हा मागचा डावा खांब कललेला दिसला. दोरी जरा सरकवून पुन्हा पाहिला, तेव्हा कमी कलला. तिथेच थांबले.

मुलगा ऑफिसहून आला, उभा राहून बघत राहिला. म्हणाला, आई, हे वाकडं आहे. मी म्हणाले, सिमेंट ओलं आहे, वाळलं की बसेल. तो म्हणाला, बसेल म्हणजे? मी म्हणाले, तू आधी हातपाय धू.

रोज एकदा तरी वाटतं की यांना विचारून यावं. उठतेसुद्धा. मग आठवतं आणि उठलेच आहे म्हणून पाणी पिते. हल्ली माझं पाणी पिणं फार वाढलं आहे.

१७ फेब्रुवारी
सिमेंट वाळलं. खांब बसला नाही.

१९ फेब्रुवारी
भिंतींच्या फळ्या ठोकल्या. सुनेने दुसरं टोक धरलं. तिची मीटिंग चालू होती, कानात तो फोनचा गोळा होता. मध्येच म्हणाली, येस, शुअर, आणि मी खिळा ठोकला, तो तिच्या शुअरवर जोरात बसला. पलीकडून कोणीतरी विचारलं असावं, कारण ती म्हणाली, नथिंग, माय मदर-इन-लॉ इज बिल्डिंग अ शेड. मग बराच वेळ ती मान हलवत राहिली आणि शेवटी म्हणाली, नो, नो, शी इज फाइन.

या वाक्याचा अर्थ मला कळतो. तिला वाटतं कळत नाही.

२२ फेब्रुवारी
छपराचा दिवस. माझं छपराचं ज्ञान पक्कं असल्यामुळे काळजी नव्हती. मुलगा स्टुलावर, मी खालून पुस्तक वाचते आहे, अशी सुरुवात केली. पत्रे बसले. मग मुलगा खाली उतरला आणि म्हणाला, आई, उतार स्वयंपाकघराच्या दाराकडे आला आहे. पाऊस पडला की सगळं पाणी तुझ्या पायावर.

मी म्हणाले, पाऊस यायला अवकाश आहे. तो म्हणाला, तू बाबांसारखीच आहेस. त्याने हे चिडून म्हटलं, पण मला दिवसभर पुरलं.

२५ फेब्रुवारी
शेड पूर्ण झाली! दार अजून नाही, पण दार ही शोभेची गोष्ट. मुलाने एका खांबाला धरून हलवून पाहिलं. शेड हलली, पण परत जागेवर आली. यालाच मजबुती म्हणतात.

शेजारच्या ताईंना बोलावून दाखवली. त्या म्हणाल्या, उभी आहे हो, आणि जरा मागे सरून उभ्या राहिल्या.

भाऊजींना फोन केला. म्हणाले, वाहवा वहिनी, परवा येतो, बांधायला काहीतरी घेऊन येतो, तुमच्या हातचं पहिलं काम माझंच. यंत्र राहणार. मुलाला तसं सांगितलं. तो म्हणाला, बघू.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळ
भाऊजी आले. सोबत जुना शब्दकोश, कणा पूर्ण निखळलेला. मी रात्रीच खळ शिजवून ठेवली होती. अंगणातच शिवून, चिकटवून झालं. टाके बरे पडले. भाऊजी म्हणाले, अगदी त्याच्यासारखे टाके आहेत, वहिनी. मुलगा आणि सून दोघंही तिथेच उभी होती. मुलाचा चेहरा सैल झालेला मी पाहिला.

मग पुस्तक यंत्रात ठेवायचं. भाऊजी अंग चोरून आत शिरले, यंत्राच्या फळीखाली पुस्तक सरकवलं, वरचा दांडा धरला आणि फिरवला.

खट्.

दांडा भिंतीला आपटला. उलटा फिरवला. खट्. दुसऱ्या भिंतीला. यंत्र दाबायचं तर दांडा पूर्ण गोल फिरावा लागतो, आणि माझ्या शेडमध्ये तो पाव फेरासुद्धा फिरत नाही. दोन्ही बाजूंना फळ्या, त्यामागे सिमेंटमधले खांब.

कोणी हसलं असतं तर बरं झालं असतं. भाऊजी बाहेर येऊन रुमालाने हात पुसत राहिले. सून म्हणाली, आई, चहा टाकते. मुलगा खांबाकडे बघून म्हणाला, खांब काढून परत रोवता येतील, मी रजा घेतो. तो अगदी मनापासून म्हणत होता. महिनाअखेरीचं त्याने नावही काढलं नाही.

मी नको म्हणाले. का ते मला त्यांना नीट सांगता आलं नाही.

इतकी वर्षं मी तो दांडा फिरताना पाहिला. भांडी घासताना त्याचा आवाज यायचा. आणि माप घेताना तो फिरतो हेच माझ्या डोक्यात आलं नाही. हे गेल्यापासून यंत्र उभं आहे तसंच उभं आहे. मी त्या उभ्या यंत्राभोवती फळ्या ठोकल्या. तिथे ना त्याला हलायला जागा, ना माणसाला शिरायला. बाइंडिंग करीन, बाइंडिंग करीन म्हणत होते. मला फक्त ते कुठे जायला नको होतं.

भाऊजी निघताना म्हणाले, वहिनी, घाई नाही. शब्दकोश त्यांनी तसाच, न दाबलेला, बगलेत धरून नेला.

२८ फेब्रुवारी
सकाळी समोरच्या भिंतीच्या फळ्या उपटल्या. सूनबाईने एक टोक धरलं. मग भाऊजींना फोन केला आणि यंत्र न्यायला टेम्पो घेऊन या म्हणाले.