एकास दहा

१ फेब्रुवारी
परवा इंटरची, म्हणजे बारावीची, केमिस्ट्री प्रॅक्टिकल. ॲसिडचं सोल्युशन यंदा मी स्वतः बनवणार. लॅब असिस्टंटवर भरवसा नाही. माझा शिकवायचा एवढा अनुभव काय चुलीत घालायचा?

२ फेब्रुवारी, दुपार
बनवलं. बाटलीतलं ॲसिड एक नॉर्मल ताकदीचं, ते दहापट पातळ करून पॉइंट वन करायचं होतं. हिशेब सोपा: ॲसिड एक भाग, पाणी दहा भाग. आधी पाणी, मग ॲसिड, हा नियमही पाळला. कागद-पेन लागलंच नाही.
दरसालसारखं पोरांना उत्तर सांगून ठेवलं: पॉइंट वन. आमची देवश्रीही याच वर्गात. म्हणे, बाबा, करून पाह्यल्याशिवाय काऊन लिहू? आईवर गेली.

३ फेब्रुवारी
प्रॅक्टिकल झक्कास! सगळ्यांचं पॉइंट वन. एकीचं सोडून. ती एक म्हणजे माझीच पोरगी! तीनदा करून पाह्यलं म्हणे, तिन्ही वेळा ॲसिड जास्तच पातळ निघालं, तेच लिहून आली. नाक कापलं माझं.
घरी समजावलं. हात थरथरला असंल. अख्खा वर्ग खोटा आन् तू एकटी खरी? रडली. बायको म्हणे, ओरडू नका. मी ओरडत नव्हतो, आवाजच तसा आहे.

४ फेब्रुवारी
देवश्री जेवली नाही. बी.एस्सी. केमिस्ट्री नको म्हणते, बी.कॉम. करते. आठवीपासून हिला केमिस्ट्रीच पाहिजे होती. लय वाईट वाटलं. पण बापानं प्रॅक्टिकल राह्यलं पाहिजे. म्हटलं, सगळ्यांचा हात केमिस्ट्रीचा नसते, बेटा.
तलमडुगुच्या मेव्हण्याला फोन केला. तो कॉमर्सवाला. उद्या पुस्तकं घेऊन येते.

५ फेब्रुवारी, चार वाजता
बाहेरून आलेल्या एक्झामिनर मॅडम पेपर तपासून राह्यल्या होत्या. विचारलं, सार, सोल्युशन कसं बनवलं? मी हौसेनं सांगितलं. एक भाग ॲसिड, दहा भाग पाणी.
मॅडम हळूच म्हणाल्या, मग एकूण अकरा भाग झाले ना सार? पाणी नऊच भाग पाहिजे होतं.
डिस्टिल्ड वॉटरमध्ये खोट असंल, मी म्हटलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, वर्गात एकाच पोरीनं खरं काम केलं, तिला पूर्ण मार्क दिले.
ठरलं. घरी गेल्या गेल्या देवश्रीला सांगायचं. चूक माझी होती म्हणायचं. सरळ.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
मेव्हणा पुस्तकं घेऊन बसला होता. देवश्री चहा घेऊन आली, डोळे सुजलेले. म्हणे, बाबा, तुमचंच खरं, माझ्या हातातच खोट आहे.
मी तोंड उघडलं. मेव्हणा पाहून राह्यला होता.
म्हटलं, चहात साखर कमी आहे.
तेही माझंच चुकलं असंल, म्हणाली ती.